चार नंबरच्या टेबलाची सातवी पायरी

राहू दे तो कॉम्प्युटर. मध्येच काही दाबलंस तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आणि तो मोठा दिवा घालव, डोळ्यांवर येतोय. बसा इकडे. होईपर्यंत एक सांगतो. ह्याच कामावरून आठवलं.

माझा एक मावसभाऊ आहे. तुमच्यातल्या दोघांनी त्याला पाहिलाय, उंच, जरा वाकून चालणारा. घरात त्याला सगळे अर्जंट म्हणतात. चहा गार व्हायची वाट बघवत नाही म्हणून त्यात पाणी ओतून पिणारा माणूस. त्याच्या आईनं एकदा त्याला रांगेत उभं केलं नि हा रांग सोडून घरी आला, 'पुढचा माणूस फार हळू बोलत होता' म्हणून. तर हा अर्जंट कॉम्प्युटर बसवायचं काम करतो. एकेक नाही, घाऊक. बँका, शाळा, कचेऱ्या.

हे त्यानं मला स्वतः सांगितलंय, आणि एकदाच. नंतर मी पुन्हा विषय काढला तर चपला घालून निघून गेला.

गेल्या ऑक्टोबरातला तिसरा गुरुवार. संध्याकाळी साडेसातला तो गाडी घेऊन निघाला. दोन तासांचा रस्ता. काम होतं जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत. फर्निचरच्या दुकानावर पहिला मजला. एक लांबट हॉल, भिंतीला लागून अठरा टेबलं, दर टेबलावर एक कॉम्प्युटर. पुढे काचेची खिडकी, तिथं लोक रांग लावतात. मागे लोखंडी कपाटं. सगळीकडे स्टॅम्पच्या शाईचा वास.

कचेरीचे साहेब त्याची वाट बघत थांबले होते. किल्ल्या देताना म्हणाले, "सकाळी नऊला खिडकी उघडते. एक मशीन जरी बंद राहिलं ना, लोक माझं डोकं खातात."

"पहाटेच्या आत होतं. तुम्ही निवांत झोपा."

साहेब गेले. खाली दारावर एक म्हातारा वॉचमन, आणि वर अर्जंट.

आता काम काय ते सांगतो. अठराच्या अठरा मशीनवर रात्रीत नवी सिस्टिम घालायची. हे आपोआप होतं. एका मशीनमध्ये सगळं भरून ठेवलेलं असतं, तेच बाकीच्यांना वाटतं. माणसानं बटण दाबायचं नि बाजूला व्हायचं. पण सिस्टिम बसली म्हणजे काम संपलं असं नसतं. घर बांधून झालं तरी नळ जोडायचे राहतात, दारावर पाटी लागायची राहते, तसं. ह्या मागून करायच्या कामांची एक यादी लिहून ठेवतात. तिला म्हणतात स्क्रिप्ट. सिस्टिम बसली की स्क्रिप्ट स्वतःच सुरू होते आणि एकेक पायरी उरकत जाते. मशीनला नाव दे. घड्याळ लाव. कोण बसणार त्याचं खातं उघड. अर्जंटच्या स्क्रिप्टमध्ये अकरा पायऱ्या होत्या. सातवी अशी, की डिस्कच्या मागच्या भागात कुणाच्या जुन्या खासगी फायली उरल्या असतील तर त्या पुसून टाक. कचेरीचं खरं काम आदल्या दिवशीच दुसरीकडे काढून ठेवलं होतं. लोकांनाही सांगितलं होतं, तुमचं काही असेल तर घेऊन जा.

पावणेअकराला त्यानं एका टोकापासून सगळी बटणं दाबली. हॉलमध्ये अठरा पंखे एकदम घुमायला लागले. स्वतःच्या लॅपटॉपवर अठरा ओळी. पूर्ण झालेली ओळ हिरवी होते, अडकलेली पिवळी.

बारा वाजून वीस मिनिटांनी सतरा हिरव्या. एक पिवळी. टेबल चार.

पायरी सात अयशस्वी. फाईल वापरात आहे.

म्हणजे जी फाईल पुसायची ती कुणीतरी उघडून बसलंय. असं होतं कधीकधी. त्यानं स्क्रिप्ट पुन्हा पहिल्या पायरीपासून चालवली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा झटझट. सातवर आली. फाईल वापरात आहे.

अर्जंट कसला थांबतोय. तीनदा चालवली. तीनदा तेच. मग त्यानं मशीनलाच विचारलं, कोण वापरतंय? त्याची सोय असते. उत्तरात एक नाव आलं. बाईचं. त्याच्याकडे कचेरीतल्या माणसांची यादी होती, सतरा जणांची. त्यात ते नाव नव्हतं. टेबल चारपुढे लिहिलं होतं, रिकामं.

त्यानं जिन्यातून खाली हाक मारली. "मामा, ह्या नावाच्या बाई कोण हो तुमच्याकडे?"

वॉचमन जिना चढून वर आला. नाव ऐकून म्हणाला, "ह्या तर आमच्या मोठ्या बाई. त्या चार नंबरवर बसायच्या."

"त्यांना फोन लावा बरं. घरून मशीनमध्ये शिरल्यात वाटतं. म्हणावं, बंद करा नि झोपा, माझा खोळंबा होतोय."

वॉचमननं टोपी काढून हातात घेतली.

"काय झालं?"

"फोन कुठं लावू? जुलैत वारल्या त्या."

"इथं?"

"नाही हो. घरी, झोपेत. आदल्या दिवशी सहाला जिना उतरल्या. मला म्हणाल्या, थोडं राहिलंय, उद्या बघते."

अर्जंटला भीती वाटली नाही. तो मला म्हणाला, उलट राग आला. त्याच्या मनात पहिलं आलं ते हे, की बाईंचं खातं कुणी बंद केलं नाही आणि आता बाहेरून कुणीतरी चोरून वापरतंय. त्यानं टेबल चारची नेटवर्कची वायर काढली. आता बाहेरचा माणूस शिरणं शक्यच नाही. मशीनसमोर उभ्यानं पाहिलं.

फाईल वापरात आहे. नाव तेच.

वायर परत जोडली. तिथूनच त्यानं फाईल शोधली. फाईलचं नाव होतं 'राहिलेलं'. आकार बघितला. एकेचाळीस हजार दोनशे अक्षरं. पाणी प्यायला वळला, परत येऊन बघितलं.

एकेचाळीस हजार दोनशे बारा.

कुणीतरी लिहीत होतं.

त्यानं लॅपटॉपवरून ती फाईल नुसती वाचायला उघडली. नोंदींचा तक्ता होता. दवाखान्याच्या चिठ्ठीचा नंबर, जन्माची तारीख, दवाखाना, बापाचं नाव, आईचं नाव, मुलाचं नाव. वरच्या ओळी भरलेल्या. खालच्या ओळींत कुठं ना कुठं एक रकाना मोकळा. आणि मधल्या एका ओळीत... अक्षरं येत होती.

मशीन लिहितं तेव्हा धाडकन लिहितं. हे तसं नव्हतं. दोन अक्षरं यायची. थांबायचं. तिसरं यायचं. चुकायचं. मागं जाऊन पुसायचं. पुन्हा यायचं. वयस्क माणूस दोन बोटांनी टाइप करतो ना, तसं.

अर्जंटनं टेबल चारकडे मान वळवली. कीबोर्डवर काही हलत नव्हतं. खुर्ची टेबलाला लावलेली. वर मळकट उशी.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही खाली जाऊ नका हं."

"मी कुठं चाललोय," वॉचमन म्हणाला आणि भिंतीला टेकला.

आता इथं तुम्ही असतात तर काय केलं असतं ठाऊक नाही. अर्जंटनं काय केलं, त्यानं प्लग ओढला. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सरळ भिंतीतून प्लग. टेबल चारचा पडदा काळा झाला. पंखा घरघरत थांबला. त्याला बरं वाटलं. म्हणाला, उद्या साहेबांना सांगू, मशीन नादुरुस्त आहे.

लॅपटॉपकडे आला. टेबल पाच पिवळं झालं होतं.

पायरी सात. फाईल वापरात आहे.

मग सहा. मग सात. आठ. नऊ. एकेक टेबल पिवळं होत हॉलच्या टोकापर्यंत गेलं, मग पलीकडून एक, दोन, तीन. दोन तासांपूर्वी पूर्ण झालेली मशीनं. सतराच्या सतरा. आणि प्रत्येकावर वापरणाऱ्याचं नाव एकच.

तो धावत सुटला. एका मशीनवरून दुसऱ्यावर. हे बंद कर, ते चालू कर. पाचवर जाऊन पुसायला बघितलं, पुसेना. आठवर बघितलं. शर्ट पाठीला चिकटला. बारावर गेला तर काय करायला आलो तेच आठवेना. सकाळी नऊला खिडकी उघडणार आणि बाहेर रांग असणार. ह्याच्या डोक्यात फक्त घड्याळ. आणि खरं सांगायचं तर, तो म्हणाला, मी थांबलो असतो तर मला ऐकू आलं असतं.

"काय ऐकू आलं असतं?" मी विचारलं.

"ते माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणून तर थांबत नव्हतो."

शेवटी वॉचमननं त्याचा दंड धरला.

"भाऊ. ते जोडा परत."

"काय?"

"चार नंबरचं. जोडा. होऊ द्या त्यांचं. राहिलेलं त्या कधी सोडून द्यायच्या नाहीत."

अर्जंटनं प्लग लावला. दोनदा भोकात बसेना. पडदा उजळला. लॅपटॉपवर पाच हिरवं झालं. सहा. सात. एकेक करून सगळी हिरवी. फक्त चार तेवढं पिवळं राहिलं.

आणि मग हा माणूस, जो आयुष्यात कधी कशाला थांबला नाही, तो तीन नंबरच्या खुर्चीवर बसला आणि थांबला.

पाय हलत होता सारखा. नखं खाऊन झाली. वॉचमन हळू आवाजात बोलत राहिला, बहुधा स्वतःलाच धीर म्हणून. म्हणाला, लोक अर्धवट कागद घेऊन येतात. बापाची सही नाही, पत्ता नाही, नाव ठरलं नाही. बाकीचे खिडकीतून परत पाठवायचे, पुरं करून आणा म्हणायचे. बाई चिठ्ठी ठेवून घ्यायच्या. म्हणायच्या, येतील कधीतरी. काही जण वर्षांनी यायचे. काही आलेच नाहीत. त्यांच्या मागे बाई स्वतः फोन करायच्या, पत्रं लिहायच्या.

लॅपटॉपवर ओळी भरत होत्या. एक भरली की खालची. मोकळ्या रकान्यात अक्षर, थांबणं, अक्षर.

अडीच.

पावणेतीन.

सव्वातीन. तीन ओळी उरल्या.

दोन.

तीन पस्तीसला शेवटची ओळ.

अर्जंटनं ती वाचली. मग त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि पुन्हा वाचली.

बापाच्या रकान्यात त्याचं स्वतःचं नाव होतं. आईच्या रकान्यात त्याच्या बायकोचं.

हं. तुम्हाला हे ठाऊक नसणार, तुम्ही लहान होतात. घरात कुणी ते बोलत नाही. अकरा वर्षांपूर्वी ते दोघं त्याच गावात राहायचे. तिथल्याच दवाखान्यात त्यांना मुलगी झाली. पन्नास मिनिटं होती. बस. तेवढीच. दवाखान्यानं रिवाजाप्रमाणे नोंदणीला चिठ्ठी पाठवली. आईबापांनी कचेरीत जाऊन नाव घालायचं, मग दाखला मिळतो. कचेरीतून दोनदा पत्र आलं. त्यानं दोन्ही फाडली. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणाला, झालं ते काम, कागद कपाटात ठेवलाय. ती कधी कपाट उघडून बघायला गेली नाही. नंतर त्यांनी ते गावच सोडलं. ह्या वेळी तिथं काम निघालं तर बायकोला दुसऱ्याच गावाचं नाव सांगून निघाला होता.

नावाचा रकाना मोकळा होता. त्यात ती बारीक उभी रेघ. लागते, विझते. लागते, विझते.

पाच मिनिटं.

दहा.

अक्षर येईना.

वॉचमन त्याच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तुमच्यासाठी थांबल्यात वाटतं."

अर्जंट उठला. चार नंबरकडे गेला. खुर्ची ओढायचा धीर झाला नाही, उभाच राहिला. कीबोर्डवर बोटं ठेवली. काय लिहिणार? नाव ठेवलंच नव्हतं. दवाखान्यात जाताना दोघांनी ठरवलं होतं, आधी बघू, मग नाव ठरवू. बघेपर्यंत...

त्यानं बोटं उचलली.

"बाई," तो म्हणाला. मोठ्यानं. रिकाम्या खुर्चीला. "बाई, मला तिचं नाव माहीत नाही."

पंखे घुमत होते.

मग एकेक करून ते मंदावले. सतरा मशीनं, हात न लावता. हॉल इतका शांत झाला, इतका... की खाली रस्त्यावरून सायकल गेली ती ऐकू आली.

रकान्यात एक अक्षर आलं.

थांबलं.

दुसरं.

...

तिसरं.

या वेळी काही चुकलं नाही. काही पुसलं नाही.

फाईल बंद झाली. त्यानं केली नाही. लॅपटॉपवर ओळ बदलली. पायरी सात पूर्ण. आठ पूर्ण. नऊ. दहाव्या पायरीला प्रिंटर जोडला जातो, तो जोडला गेला. अकरावी. टेबल चार, हिरवं.

आणि कोपऱ्यातला प्रिंटर जागा झाला. जोडणी झाली की तो तपासणीचं एक पान काढतो, रंगांच्या पट्ट्या वगैरे. एकच पान निघालं. अर्जंटनं ते उचललं. पट्ट्या नव्हत्या. जन्माचा दाखला होता. तारीख बरोबर, वेळ बरोबर, दवाखाना बरोबर. आणि मुलीचं नाव.

ते नाव त्यानं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्याच्याकडे नाही, बायकोच्या माहेरी नाही. त्याला वाटलं, चूक झाली. दुसऱ्याच कुणाच्या ओळीतलं नाव इथं आलं. कुठंतरी, खरं सांगतो म्हणाला, कुठंतरी जरा बरंही वाटलं. चूक असेल तर सगळंच मशीनचा घोटाळा म्हणता येईल.

त्यानं फाईल पुन्हा उघडायला बघितली. डिस्कवर काही नव्हतं. सातव्या पायरीनं आपलं काम केलं होतं.

पहाटे पाचला त्यानं वॉचमनच्या हातात किल्ल्या दिल्या. वॉचमननं पाठीवर हात ठेवला. अर्जंट निघाला. दोन तासांच्या रस्त्याला त्या दिवशी त्याला चार तास लागले. दोनदा गाडी बाजूला घेतली. एकदा कागद खिडकीतून टाकून द्यावा म्हणून काचही खाली केली. टाकला नाही.

नऊला घरी पोचला. बायको ओट्याशी भांडी पुसत होती. म्हणाली, "इतक्या लवकर? दुपारी येणार होता ना?" मी खोटं बोललो होतो, हा एवढंच म्हणाला. अकरा वर्षांपूर्वी. आणि कालसुद्धा. आणि कागद ओट्यावर ठेवला.

तिनं हात पुसले. कागद उचलला. वाचला.

खाली बसली. तिथंच, फरशीवर, हातातल्या फडक्यासकट.

"नाव चुकलंय त्यात," अर्जंट घाईनं म्हणाला. "कुणाचं तरी दुसऱ्याचं आलंय. मी साहेबांना सांगून बदलून..."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"हे नाव." तिनं वर बघितलं नाही. "तुम्ही बाहेर डॉक्टरांशी बोलत होता. नर्स पाणी आणायला गेली होती. मी पोरीच्या कानात म्हटलं होतं. एकदाच. त्यानंतर कधी तोंडातून काढलं नाही, तुमच्यापाशीसुद्धा नाही."

तो तिच्याशेजारी फरशीवर बसला.

"खोलीत मी होते," ती म्हणाली, "आणि ती होती. बाकी कुणी नव्हतं..."